बोके, पोफळी आणि स्वस्तातली पोर्ट्रेट लेन्स

दर दोन-तीन महिन्यांनी ऑफिसातलं कुणीतरी माझ्या डेस्कपाशी येतं आणि तोच प्रश्न विचारतं. "अरे, नवीन मिररलेस घेतला. पोर्ट्रेटसाठी कॅमेऱ्याच्या कंपनीची लेन्स काही परवडत नाही. थर्ड पार्टीपैकी कोणती घेऊ? बजेट वीस हजार. आणि हो, बोके चांगला यायला पाहिजे!" परवा पुन्हा तेच झालं. म्हटलं, शनिवार आहे, बाहेर जायचा कंटाळा आलाय, एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकू.

आधीच सांगतो, मी काही फोटोग्राफर नाही. पोटासाठी कोड लिहितो आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढतो. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते एका हौशी माणसाचं मत आहे. पण हे मत बनायला मला सहा वर्षं लागली आणि एक चांगला फोटो बिघडवावा लागला. तर आधी त्या फोटोबद्दल.

आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरच्या जवळ. घर कौलारू, पुढे पडवी, पडवीत झोपाळा. पडवीच्या एका बाजूने थेट वाडी सुरू व्हायची. पोफळी, माड, मधेमधे केळी, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली. ज्यांनी श्रीवर्धनची रोठा सुपारी खाल्ली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. आबांचं सगळं आयुष्य त्या वाडीत गेलं. पहाटे उठून पाटाचं पाणी वळवायचं, कुठल्या आळ्यात पाणी पोचलं नाही ते बघायचं, आणि दुपारी झोपाळ्यावर बसून त्याच वाडीकडे बघत राहायचं.

२०१९ च्या दिवाळीत मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. रूममेटचा कॅमेरा आणि त्याची ५५ मिलीमीटर एफ/१.४ ची स्वस्तातली मॅन्युअल फोकस लेन्स मागून घेऊन गावी गेलो होतो. तेव्हा डोक्यात एकच वेड, बोके! (हा जपानी शब्द आहे. फोटोतला फोकसबाहेरचा भाग कसा धूसर दिसतो त्याला म्हणतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला मांजरंच आठवली होती. मराठी माणसाला दुसरं काय आठवणार?) आबांना झोपाळ्यावर बसवलं, मागे वाडी, लेन्स पूर्ण उघडी, आणि काढला फोटो. वीस-पंचवीस फोटोंतला एक बरोबर लागला. डोळे अगदी धारदार, पांढरी दाढीची खुंटं मोजता येतील इतकी स्पष्ट, आणि मागे नुसता हिरवा रंग. मी खूश. आबा खूश. "ह्यात मी बरा दिसतोय हो," म्हणाले.

आजीला दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"कुठे काढलास रे हा? पुण्यात?"

"अगं आजी, आपल्याच पडवीत! मागे वाडी आहे ना."

"कुठाय वाडी? मागे तर नुसतं शेवाळ दिसतंय."

मी हसलो. होस्टेलवर जाऊन मित्रांनाही हा किस्सा सांगितला. आजीला बोके कळत नाही, वगैरे वगैरे.

पुढे ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. अलिबागपासून खाली मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांची काय अवस्था झाली ते तेव्हा पेपरात फोटोंसकट आलं होतं. लॉकडाऊन चालू, आम्ही पुण्यात, आठ दिवस गावचा फोन लागला नाही. नंतर बाबा परवानगी काढून गेले. आबा-आजी सुखरूप होते, पण घराची कौलं उडाली होती आणि वाडीतल्या पोफळी एकावर एक आडव्या पडल्या होत्या. उभी राहिली ती थोडी झाडं, त्यांतही काही माड मधूनच मोडलेले. माळ्यावरच्या ट्रंकेत आल्बम होते. त्यांत पाणी शिरून फोटो एकमेकांना चिकटले, सोडवायला गेलं तर चेहऱ्यांचे पापुद्रेच निघाले. आबा-आजींच्या लग्नाचा स्टुडिओतला फोटो त्यातच गेला.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या आधी आबा गेले. आता भिंतीवर हार घातलेला जो फोटो आहे तो माझा, २०१९ च्या दिवाळीतला. चेहरा उत्तम आलाय, सगळे म्हणतात. पण एकदा आजीने मला विचारलं, "कॉम्प्युटरवर ती मागची वाडी परत आणता येते का रे? ती शेवाळासारखी दिसते ती?"

नाही आणता येत. मी प्रयत्न करून बघितला. थोडा हललेला फोटो सॉफ्टवेअरने जरा सुधारतो, पण जे कॅमेऱ्यात शिरलंच नाही ते कुठून काढणार? आजकाल एआयला सांगितलं तर तो छान पोफळी काढून देईल. पण त्या कुणाच्याही वाडीतल्या असतील, आबांच्या नाही.

असो. आता लेन्सकडे वळू, कारण मला जे सांगायचंय ते यातूनच निघतं.

त्या फोटोत नेमकं काय झालं याचा हिशोब मी नंतर मांडला. त्याला नववीतले समरूप त्रिकोण पुरतात. एफ/१.४ म्हणजे लेन्सच्या भोकाचा व्यास हा फोकल लेंग्थ भागिले १.४. म्हणजे ५५ भागिले १.४, जवळजवळ ४० मिलीमीटर. आबा माझ्यापासून २ मीटरवर होते. भोकाच्या दोन कडांपासून रेषा काढल्या तर त्या आबांच्या डोळ्यापाशी एकत्र येतात. म्हणजे २ मीटरमध्ये ४० मिलीमीटर आटल्या. तिथून पुढे त्या त्याच उताराने पुन्हा फाकत जाणार. मागच्या पोफळी माझ्यापासून १५ मीटरवर, म्हणजे आबांच्या मागे १३ मीटर. ४० गुणिले १३ भागिले २, बरोबर २६० मिलीमीटर. म्हणजे वाडीतला प्रत्येक ठिपका फोटोत २६ सेंटीमीटरच्या वर्तुळाएवढा फासला गेला. पोफळीचं खोड जाडीला असतं १०-१५ सेंटीमीटर! मग ते दिसणार कसं? दोन झाडं आणि त्यांमधली मोकळी जागा, सगळं एकात एक मिसळून शेवाळ.

आता तोच फोटो मी एफ/४ वर काढला असता तर? भोकाचा व्यास साधारण १४ मिलीमीटर. १४ गुणिले १३ भागिले २ म्हणजे ९ सेंटीमीटर. खोडं मऊ दिसली असती, पण खोडं म्हणून दिसली असती. रेषा, रांगा, मधला उजेड. आजीला "ही आपली वाडी" म्हणून ओळखता आली असती, आणि आबांचा चेहरा तरीही मागच्या झाडांपासून वेगळा उठून दिसला असता. लेन्सची एक रिंग तीन क्लिक फिरवायची होती. पैशाचा प्रश्नच नव्हता.

आणखी एक. एफ/१.४ ला २ मीटरवर फोकसची खोली असते जेमतेम ७ सेंटीमीटर. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतच त्याहून जास्त अंतर भरतं. म्हणजे डोळे धारदार, कान मऊ. एफ/४ ला ही खोली होते २० सेंटीमीटर, पूर्ण चेहरा आत बसतो. (आबांच्या कानात भिकबाळी होती. ती फोटोत आहे हे मला माहीत आहे म्हणून दिसते.)

तर माझं मत असं, आणि ते बऱ्याच जणांना पटत नाही: पोर्ट्रेट लेन्स मागचं धूसर करण्यासाठी घेऊ नका, काळोखासाठी घ्या.

हे मी काही नवीन सांगत नाही. पोर्ट्रेट लेन्सचा जन्मच त्यासाठी झाला. १८३९ मध्ये दागेरचा कॅमेरा आला तेव्हा त्याच्या लेन्समधून इतका कमी उजेड आत यायचा की फोटोसाठी कित्येक मिनिटं लागत. झाडं आणि इमारती बसून राहतात, माणूस नाही राहत. मग १८४० मध्ये व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झव्हाल नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने आकडेमोड करून एफ/३.६ च्या आसपासची लेन्स तयार केली. ती बनवली आणि विकली फोइग्टलेंडर कंपनीने, आणि बघता बघता इतरांनी तिच्या नकला केल्या. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं. म्हणजे मोठं भोक हवं होतं ते माणसाला पुतळ्यासारखं बसवायला लागू नये म्हणून. मागचं धूसर होणं हा त्याचा फुकटचा परिणाम. आज आपण त्या फुकटच्या परिणामालाच पैसे मोजतोय! आणि गंमत म्हणजे, कॅमेरा एकाचा आणि लेन्स दुसऱ्याची हा प्रकारही तेव्हापासूनचाच. थर्ड पार्टी म्हटलं की आपल्याला गाडीचा विमा आठवतो आणि काहीतरी दुय्यम वाटतं, पण पोर्ट्रेटच्या बाबतीत सुरुवातच तिथून झाली.

काळोखासाठी म्हणजे काय? कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स ५० मिलीमीटरला एफ/५.६ ची असते. बाहेर, दिवसा, पोर्ट्रेटला ती चालते. हो, चालते! अंगणात उजेड आहे तोवर नवीन लेन्स घ्यायची काहीच गरज नाही. पण कोकणातल्या घराचं माजघर आठवा. दुपारी चार वाजताही दिवा लावावा लागतो. पावसाळ्यात तर पडवीतही तीच गत. आजी तिथेच असते, बाहेर उन्हात उभी राहून पोझ देत नाही. माझ्या कॅमेऱ्यात (जुना घेतलेला सोनी ए६४००) बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही, त्यामुळे शटर १/१२५ च्या खाली न्यायचा नाही असा माझा नियम. तेवढ्यावर किट लेन्सने आमच्या माजघरात आयएसओ जातो १२८०० ला, चेहऱ्यावर रांगोळी पसरल्यासारखे दाणे. तिथेच एफ/१.७ ची लेन्स लावली की जवळजवळ अकरापट उजेड आत येतो आणि आयएसओ उतरतो १२५० च्या आसपास. हा खरा फरक. यासाठी पैसे खर्च करा.

आता पुढचा प्रश्न: एफ/१.७ पुरे, की १.४ हवी, की १.२? इथे कंपन्यांचं आणि आपलं डोकं वेगळं चालतं. एपीएस-सी सेन्सरच्या कॅमेऱ्यांना पोर्ट्रेटसाठी ५६ मिलीमीटर ही सोयीची फोकल लेंग्थ, कारण दीडपट केली की ८४ होते, म्हणजे जुन्या फिल्मच्या हिशोबात पोर्ट्रेटची नेहमीची ८५. आता फुजीची एफ/१.२ ची ५६ मिलीमीटर (२०२२ ची) बाजारात आली तेव्हा तिची किंमत ९९९ डॉलर होती. विल्ट्रॉक्सची एफ/१.७ ची ५६ मिलीमीटर २०२४ मध्ये आली ती १३९ डॉलरला. (भारतात येईपर्यंत दोन्हींचे आकडे फुगतात, पण प्रमाण बघा.) सातपट किंमत. आणि उजेड? १.७ भागिले १.२, त्याचा वर्ग, म्हणजे बरोबर दुप्पट. एक स्टॉप. आयएसओ १२५० च्या जागी ६४०. आजच्या सेन्सरवर हा फरक आठ बाय बाराच्या प्रिंटमध्ये मला शोधूनही सापडत नाही.

फुजीची लेन्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. उत्तमच आहे. ज्यांचं पोट लग्नाच्या फोटोंवर आहे त्यांनी जरूर घ्यावी. पण घरच्या माणसांचे फोटो काढणाऱ्याला ती सातपट चांगली नाही. आणि एकदा का ठरवलं की बाहेर काढताना एफ/२.८ किंवा ४ वरच काढायचं, की स्वस्त आणि महाग यांतला उरलेला फरकही पुसट होतो. स्वस्त लेन्सांचे दोष बहुतेक पूर्ण उघड्यावर दिसतात. कोपरे मऊ, पांढऱ्या पातळाच्या कडेला जांभळट किनार. एफ/२.८ ला आलात की निम्म्याहून जास्त तक्रारी आपोआप मिटतात.

मग घ्यायचं काय? मी हे बघतो, याच क्रमाने:

पहिलं, ऑटोफोकस. पैसे वाचवायचे तर भोकात वाचवा, इथे नाही. मॅन्युअल लेन्स खूप स्वस्त मिळतात. टीटीआर्टिसनची एफ/१.२ ची ५० मिलीमीटर मॅन्युअल २०२० मध्ये शंभर डॉलरच्या आत आली होती. शिकायला, फुलापानांना, बोटींना छान. पण आजी फोटोला बसते ती हलत, बोलत, मधेच हसून तोंडावर पदर घेत. ७ सेंटीमीटरच्या खोलीत हाताने रिंग फिरवून तो क्षण पकडणं मला तरी जमत नाही. आबांचे वीसातले एकोणीस फोटो त्यातच वाया गेले. कॅमेऱ्याला डोळा ओळखून फोकस करता येतो, तर करू द्या त्याला काम.

दुसरं, माउंट. हे खरं तर कॅमेरा घेण्याआधीच बघायला हवं. सोनीने २०११ मध्येच आपल्या ई माउंटची मूलभूत माहिती इतर लेन्सवाल्यांना द्यायचं जाहीर केलं, म्हणून आज त्याला सर्वांत जास्त पर्याय आहेत. फुजी आणि निकॉन झेडलाही आता बरेच मिळतात. कॅननच्या आरएफ माउंटला मात्र बरीच वर्षं दार बंदच होतं. २०२२ मध्ये विल्ट्रॉक्सला तिथल्या ऑटोफोकस लेन्स बंद कराव्या लागल्या. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला एपीएस-सी लेन्सची परवानगी मिळाल्याचं जाहीर झालं तेव्हा ते जरा किलकिलं झालं. स्वस्तात मिळाला म्हणून कॅमेरा घेतला आणि मग लेन्स शोधत बसलो, असं करू नका.

तिसरं, फर्मवेअर. या लेन्स कॅमेऱ्याशी त्याच्याच भाषेत बोलतात, पण ती भाषा बाहेरून शिकलेली असते. उद्या नवीन बॉडी आली की उच्चार चुकू शकतात. तेव्हा लेन्सला अपडेट करायची सोय आहे ना ते बघा. विल्ट्रॉक्सच्या लेन्सला माउंटपाशी यूएसबीचं भोक असतं, टीटीआर्टिसनच्या ऑटोफोकसवाल्यांना मागचं झाकणच जोडणीचं काम करतं. (सॉफ्टवेअरवाल्याला हे वाचून बरं वाटतं, पण अपडेट करायची आठवण राहत नाही, हेही तितकंच खरं!)

चौथं, वजन. सोनीची स्वतःची २०१६ ची ८५ मिलीमीटर एफ/१.४ जीएम भरते ८२० ग्रॅम. माझ्या कॅमेऱ्याच्या दुप्पट! सिग्माची ५६ मिलीमीटर एफ/१.४ (२०१८) भरते २८० ग्रॅम, विल्ट्रॉक्सची एफ/१.७ साधारण १७०. ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन अशी एसटीच्या उभ्या गर्दीतून सॅक सांभाळत जायचं असेल तर हा आकडा आधी बघावा. जड लेन्स घरी राहते. घरी राहिलेल्या लेन्सने फोटो येत नाहीत.

या चार चाळण्या लावल्या की हातात फार थोडी नावं उरतात. बजेट घट्ट असेल तर विल्ट्रॉक्स ५६ एफ/१.७ किंवा टीटीआर्टिसनची ५६ एफ/१.८ ऑटोफोकस. थोडं सैल असेल तर सिग्मा ५६ एफ/१.४, जी पूर्ण उघड्यावरही धारदार आहे आणि तिच्या माउंटला धूळ-शिंतोड्यांसाठी सीलही आहे. मी पहिलीतून घेतली. वाचलेल्या पैशांत काय केलं ते शेवटी सांगतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी किंवा जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावं. खारी हवा आणि पावसाळ्याची दमट हवा, दोन्ही लेन्सच्या वैरी. आत बुरशी धरली की स्वस्त लेन्स साफ करण्याचा खर्च लेन्सच्या किमतीशी भांडायला लागतो. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायचं. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आरपार बघायचं, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर नमस्कार करून निघायचं. आणि नवी घेताना बिल आणि भारतातली वॉरंटी. दोन हजार वाचवून बिनबिलाची घेतली की दुरुस्तीला कुणी दारात उभं करत नाही, हा स्वानुभव आहे.

आता यावर दोन आक्षेप हमखास येतात.

एक म्हणजे, "फोनमध्ये पोर्ट्रेट मोड आहे की!" आहे, आणि वाईट नाही. पण फोनच्या लेन्सचं भोक असतं काही मिलीमीटरचं. वरचा त्रिकोण लावून बघा, मागचं धूसर होणारच नाही. म्हणून फोन ते गणिताने रंगवतो. तिथे आजीचे कपाळावर आलेले चार पांढरे केस आणि कानातल्या कुड्या यांच्या कडा कधी कधी खाल्ल्या जातात. शिवाय फोनचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा, चेहरा भरायला आपण जवळ जातो आणि नाक मोठं दिसतं. (हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा. दोन मीटरवरून काढा, नाक जागेवर येतं.) तरीही, फोनच असेल तर फोनने काढा. न काढण्यापेक्षा लाखपट बरं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. "मागे सुंदर वाडी असेल तर ठीक. आमच्या मागे केबलच्या वायरी, निळी ताडपत्री आणि शेजाऱ्याची स्कूटर आहे. तिथे धूसरच बरं!" मान्य. पुण्यात मीही तेच करतो. हॉलमध्ये, कार्यालयात, गर्दीत मोठं भोक खूप काही झाकतं. पण तरी सांगतो, आधी दोन पावलं सरकून बघा. आणि स्कूटरबद्दल जरा थांबून विचार करा. २०१९ मध्ये मला ती वाडी रोजचीच वाटायची. पार्श्वभूमी म्हणून फेकून द्यायच्या लायकीची. आज त्या फोटोत मी सर्वांत जास्त शोधतो ते तेच. वीस वर्षांनी तुमची मुलं कदाचित ती स्कूटरच शोधतील.

तर, वाचलेल्या पैशांचं. मागच्या खेपेला गावी गेलो तेव्हा आजीचे दोन फोटो मनासारखे निघाले. एक माजघरात, एफ/१.७ वर, खिडकीतल्या उजेडात तांदूळ निवडताना. मागे काळोखच आहे, तिथे तो शोभतो. दुसरा पडवीत, त्याच झोपाळ्यावर, एफ/४ वर. मागे वाडी. म्हणजे आता जी आहे ती. वादळानंतर बाबांनी आणि गड्यांनी लावलेली रोपं आता माणसाच्या डोक्यावर गेली आहेत. सुपारी लागायला सात-आठ वर्षं जातात, त्यामुळे उत्पन्न म्हणाल तर अजून नावालाच. पण रांगा दिसतात, पाट दिसतो, विहिरीपाशी पडून असलेला जुना रहाटही ओळखू येतो.

दोन्ही फोटोंच्या आठ बाय बाराच्या प्रिंट काढल्या. हार्ड डिस्कवर ठेवले नाहीत फक्त. तिघा आत्या-काकांकडे एकेक संच दिला, म्हणजे पुढच्या वादळात एका माळ्यावरचं गेलं तरी दुसऱ्या माळ्यावरचं राहील. (आम्ही सॉफ्टवेअरवाले याला बॅकअप म्हणतो आणि घरी कधीच करत नाही.) महागड्या लेन्सचे जे पैसे वाचले त्यातून हे सगळं झालं, वर एसटीचं भाडं सुटलं.

आजीला पडवीतली प्रिंट दिली. तिने चष्मा लावला, फोटो खिडकीपाशी नेला. स्वतःच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. मागच्या रांगेवर बोट ठेवून म्हणाली,

"ही कडेची पोफळ वाकडी वाढत्येय बघ. बाबाला सांग, आधार लावायला हवा."